सायकलचा पुढचा फोर्क बदलताना

आमच्या शेजारचा अकरावीत शिकणारा एक विद्यार्थी मध्यंतरी आपली माउंटन बाइक घेऊन आमच्याकडे आला. तिच्या पुढच्या फोर्कमधून तेल पाझरत होते, आणि खड्ड्यातून गेल्यावर हँडल तीन-चार वेळा वरखाली नाचत असे. नळ्यांवर खोल ओरखडे पडल्याने दुकानदाराने फोर्कच बदलायला सांगितले होते. मुलाचा प्रश्न असा होता : "काका, माझ्या फोर्कचा पल्ला १०० मिलिमीटर आहे. तेवढ्याच पैशांत १४० मिलिमीटरचा मिळतोय. मग तोच घेऊ ना?"

पल्ला म्हणजे फोर्क जास्तीत जास्त किती दबू शकतो ते अंतर. जास्त पल्ला म्हणजे जास्त आराम, हा त्याचा तर्क वरवर बिनतोड वाटतो. तो कुठे चुकतो हे शोधताना अकरावीच्या पदार्थविज्ञानाची चांगली उजळणी होते, म्हणून हा लेख.

पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे फोर्क. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीमध्ये माउंटन बाइक आकाराला आली, तेव्हा हा फोर्क ताठ असे. दगडाचा प्रत्येक दणका थेट मनगटात जाई. १९८९ मध्ये पॉल टर्नर यांच्या 'रॉकशॉक्स' कंपनीने मोटारसायकलच्या धर्तीवर दबणारा फोर्क बाजारात आणला. त्याचा पल्ला होता जेमतेम ५० मिलिमीटर. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, कोलोरॅडोतील डुरँगो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी असा फोर्क लावून उताराची शर्यत जिंकली. त्यानंतर असे फोर्क सर्वत्र पसरले.

या फोर्कच्या पोटात दोन वेगळी कामे चालतात. पहिले काम स्प्रिंगचे. चाक दगडावर चढले की स्प्रिंग दबते आणि धक्क्याची ऊर्जा स्थितिज ऊर्जेच्या रूपात साठवते. पण साठवलेली ऊर्जा ती परतही करते. ही ऊर्जा काढून घेण्याचे दुसरे काम तेलाचे. बारीक छिद्रांतून ढकलले जाताना तेल घर्षणाने थोडे तापते आणि दोलने विरतात. यालाच अवमंदन म्हणतात. आमच्या विद्यार्थ्याच्या सायकलची स्प्रिंग शाबूत होती, पण तेल गेल्याने अवमंदन संपले होते. म्हणून हँडल नाचत होते.

हे वर्गात सहज दाखवता येते. स्प्रिंगला १०० ग्रॅमचे वजन टांगा, थोडे खाली ओढून सोडा आणि दोलने मोजा. मग तेच वजन पाण्यात, नंतर गोड्या तेलात बुडालेले ठेवून प्रयोग पुन्हा करा. अवमंदन फार झाले तरीही बिघडते, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे. तसा फोर्क पुढचा खड्डा येईपर्यंत पूर्ववत होत नाही आणि दर धक्क्यागणिक अधिकाधिक दबत जातो.

आता स्प्रिंग किती ताठ हवी? स्वार नुसता सायकलवर बसला तरी फोर्क थोडा दबतो. या अंतराला सॅग म्हणतात. सामान्यतः तो पल्ल्याच्या २० ते २५ टक्के ठेवतात, म्हणजे चाक खड्ड्यात उतरले तरी जमीन सोडत नाही. १०० मिलिमीटरच्या फोर्कला सॅग २५ मिलिमीटर धरू. भार आणि स्प्रिंगचे बल समतोल असल्याने mg = ks, म्हणजेच k/m = g/s, असे आपण वर्गात लिहितोच; मराठीत सांगायचे तर बलस्थिरांक भागिले वस्तुमान बरोबर गुरुत्वत्वरण भागिले सॅग. त्यावरून दोलनांची वारंवारता सेकंदाला सुमारे ३ येते. गंमत अशी की, या उत्तरात स्वाराचे वजन उरतच नाही. ५० किलोचा स्वार असो की ९० किलोचा, सॅग सारखा ठेवला तर फोर्क सारखाच वागतो. मात्र तो सारखा ठेवण्यासाठी स्प्रिंग वजनानुसार बदलावी लागते. धातूची स्प्रिंग असेल तर दुसरी घालायची. हवेची असेल तर पंपाने दाब कमीजास्त करायचा. हवेला वरील सूत्र काटेकोरपणे लागू पडत नाही. ती दबत जाईल तशी अधिक ताठ होते. बॉइलचा नियम आठवा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ४० मिलिमीटर जादा पल्ल्याचा फोर्क साधारण तेवढाच लांबही असतो. त्यामुळे सायकलचे पुढचे टोक उचलले जाते. दोन्ही चाकांच्या आसांत सुमारे १०५ सेंटीमीटर अंतर धरले, तर सांगाडा सुमारे २ अंशांनी मागे कलतो आणि पेडलांचा आस सुमारे दीड सेंटीमीटर वर जातो. पुढच्या चाकाखाली ४ सेंटीमीटर जाडीची फळी ठेवून, ओळंबा आणि कोनमापक घेऊन मुलांना हे मोजू द्यावे.

दोन अंशांनी काय मोठे बिघडते? हँडलच्या नळीची रेषा खाली वाढवली तर ती चाकाच्या टेकण्याच्या बिंदूपुढे जमिनीला मिळते. या दोन बिंदूंतील अंतराला ट्रेल म्हणतात. चाकाची त्रिज्या ३४ सेंटीमीटर आणि आसाचा पुढावा ४ सेंटीमीटर धरून आम्ही हिशेब केला. कोन ७१ अंशांवरून ६९ वर आला की ट्रेल ७५ मिलिमीटरवरून ८८ वर जातो. भरधाव उतारावर यामुळे सायकल स्थिर वाटते. पण चढावर, कमी वेगात, पुढचे चाक जड आणि भरकटते वाटते. हा विद्यार्थी रोज टेकडी चढणारा!

याहून गंभीर बाब बळकटीची आहे. दगडाचा दणका चाकाच्या आसावर मागच्या दिशेने बसतो आणि फोर्क तरफेसारखा सांगाड्याच्या पुढच्या सांध्याला वाकवू पाहतो. फोर्कची लांबी ४७० मिलिमीटरवरून ५१० झाली, तर त्याच दणक्याचे आघूर्ण सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते. आकडा लहान दिसतो. परंतु ताण थोडा वाढला तरी धातूचे आयुष्य त्याच्या अनेक पटींनी घटते, आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना तर पोलादासारखी सुरक्षित ताणमर्यादाही नसते. भेग महिनोन् महिने गुपचूप वाढते आणि एके दिवशी उतारावर सांधा तुटतो. म्हणून सांगाड्याच्या निर्मात्याने सांगितलेली मर्यादा ओलांडू नये.

उरला प्रश्न जुळणीचा. चाक २६, २७.५ की २९ इंची? हँडलकडे जाणारी नळी सरळ, की खाली दीड इंचापर्यंत रुंदावणारी? जुन्या सांगाड्याच्या अरुंद तोंडात रुंदावणारी नळी बसत नाही. चाकाचा आस ९ मिलिमीटरचा की १५ चा? ब्रेक रिमवर लागतात की चकतीवर? आजच्या बहुतेक फोर्कना रिम-ब्रेकसाठीचे खुंट नसतात. यांपैकी एकही उत्तर चुकले तर नवा फोर्क घरी शोभेलाच राहतो.

हा सगळा हिशेब त्या मुलाने आमच्यासमोर स्वतः कागदावर केला. शेवटी त्याने १०० मिलिमीटरचाच, पण हवेची स्प्रिंग आणि चांगले अवमंदन असलेला फोर्क घेतला. त्याला थोडे पैसे जास्त पडले. जाताना तो म्हणाला, "म्हणजे फोर्क नाही, सायकल निवडायची होती." आम्हाला तरी याहून नेमके उत्तर देता आले नसते.