राखणदाराची गोफण

श्रोतेहो, जोंधळ्याची राखण तुम्हांला नवी नाही. माळ्यावरचा राखणदार गोफण फिरवतो आणि पाखरे उडवतो. पण नेम चुकून गुंडा कणसावरच बसला तर? दाणे गळतात आणि राखण महागात पडते. आजचा विषय असाच आहे.

आपल्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशी आहेत, त्यांतल्या काही छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत तालीम घेऊन बाहेर पडतात. त्यांना टी-पेशी म्हणतात. शत्रू ओळखण्यासाठी त्यांच्या अंगावर दोन साखळ्यांचा एक चिमटा असतो. बहुतेकींच्या साखळ्यांची नावे अल्फा आणि बीटा. १९८४ साली अमेरिकेत सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत अल्फाचा शोध चालू असताना भलताच जनुक हाती लागला. तोच गॅमा. पुढे त्याचा जोडीदार डेल्टाही सापडला. ज्यांच्या अंगी ही जोडी, त्या गॅमा-डेल्टा पेशी. रक्तातल्या टी-पेशींत त्या शेकडा एक ते दहाच. आतड्याच्या अस्तरात मात्र अधिक.

मग त्यांचे एवढे महत्त्व का? नेहमीच्या टी-पेशीला शत्रूचा तुकडा दुसऱ्या पेशीने पुढे करून दाखवावा लागतो. जणू कागद पाहिल्याशिवाय ती हलायची नाही. कर्करोगाच्या काही पेशी हा कागदच लपवतात. गॅमा-डेल्टा पेशीला त्याची गरज नसते. कर्कपेशी कोलेस्टेरॉल बनवण्याचे काम जोरात चालवते, तेव्हा तिच्यात फॉस्फरसयुक्त बारीक रेणू साठतात. रक्तातल्या बहुसंख्य गॅमा-डेल्टा पेशी तेवढ्यावरून तिला हेरतात, तिला भोके पाडतात आणि मारतात. ज्या उंदरांत या पेशी नव्हत्या, त्यांना त्वचेचा कर्करोग लवकर होतो, असे २००१ साली प्रयोगांत दिसले.

आता दुसरी बाजू ऐका. यांतल्याच काही पेशी इंटरल्यूकिन-१७ नावाचे प्रथिन सोडतात. जंतूंशी लढताना ते उपयोगी पडते. पण अवेळी सुटले तर दाह माजवते. असा दाह कधी कधी कर्काच्या गाठीलाच खतपाणी घालतो. सोरायसिस या त्वचेच्या विकारात शरीर स्वतःवरच उलटते, आणि त्यातही याच प्रथिनाचा मोठा हात असतो. ते इतर पेशीही बनवतात, हे खरे. पण ते अडवणाऱ्या औषधांनी पुष्कळ रोग्यांची कातडी निवळते.

दात्याच्या गॅमा-डेल्टा पेशी वाढवून कर्करोग्याला देण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते अजून चाचणीच्या पायरीवर आहेत.

यातून आपण काय घ्यायचे? 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून बाजारात कोणी बाटली पुढे केली, तर विचारा, "बाबा, कोणती शक्ती, आणि कुणासाठी?" ज्याचे शरीर स्वतःवरच उलटले आहे, त्याला वाढीव जोर नको, योग्य नेम हवा. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, किंवा अंगावर नवी गाठ दिसली, तर बाटलीची वाट पाहू नका. थेट डॉक्टरांकडे जा. आणि गुरुजी, वर्गात हे सांगताना गोफणीची गोष्ट जरूर सांगा. मुलांच्या ती ध्यानात राहील.