कौदीचं पोट

चार वर्षांच्या मुलीचं वजन चौदा-पंधरा किलो भरतं. कौदी शिवायला तेवढं पुरतं.

सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या गल्लीतलं एक घर. दुपारचे दोन वाजलेत. ओसरीवर जुनं लुगडं ताणून पसरलेलं आहे. त्यावर दोन विरलेल्या साड्यांचे थर आणि वरून चिंध्यांचा पट. आज्जी एका टोकाला मांडी घालून बसते, समोरच्या कोपऱ्याकडे बोट करते आणि नातीला म्हणते, "हितं बस. हलू नको." नात बसते आणि कापड ताणलेलं राहतं. आज्जी टाके घालत सरकते, तशी नातही उठून पुढच्या कोपऱ्यावर जाते. आज्जीच्या लेखी ती वजन आहे. नातीच्या लेखी मात्र ती एसटीत बसली आहे. निळा चौकडा हा अक्कलकोटचा थांबा, खाकी तुकडा पोलिसाचा. पोलिसावर पाय पडला की गाडी थांबते.

मराठी घरात हिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, कानडी घरात कौदी आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरात बोंत. शिवण्याची तऱ्हा थोड्याफार फरकाने तीच. या घरात बोलता बोलता भाषा बदलते. आज्जी नातीवर रागावते कानडीत, समजावते मराठीत.

चिंध्यांची वाण सोलापुरात कधीच नव्हती. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी आली. गावाने तिला आजतागायत 'जुनी गिरणी' हेच नाव ठेवलं. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण हातमाग आणि यंत्रमाग राहिले, चादरी आणि टॉवेल राहिले. अलीकडे या शहराने शाळांच्या गणवेशांतही नाव काढलं आहे. ओसरीवरच्या चिंध्या त्याच कामातल्या. सून घरच्या मशीनवर कॉलर शिवते आणि डझनावर पैसे घेते. कापून उरलेलं कात्रण पिशवीत साठतं. निळं, खाकी, मरून, बारीक चौकडा असे कुठल्या कुठल्या शाळांचे रंग एका पिशवीत येतात. त्या शाळा नातीने पाहिलेल्या नाहीत, पण कापड हाताला लागलं की तिला ते ओळखू येतं. टेरीकॉट गुळगुळीत असतं, त्याचं टोक दातात धरलं की सुळकन सुटतं. सुती कापड दाताला धरून राहतं. सगळ्या गोष्टी आधी तोंडात घालून बघायच्या वयातून ती नुकतीच बाहेर पडते आहे. परीक्षा घ्यायची तीच सवय अजून शिल्लक आहे.

आज्जीचा टाका म्हणजे साधा धावदोरा. सुई बोटभर लांब, दोरा दुहेरी. सुरुवात बाहेरच्या काठाने. एक फेरा पूर्ण झाला की बोटभर आत दुसरा. चौकोनात चौकोन असं करत शेवटचा टाका मधोमध येतो. सोपं वाटतं, पण गोची इथेच आहे. बाहेरून आत शिवत आलं की थर आतल्या बाजूला ढकलले जातात, आणि ते हाताने सारखे करत आलं नाही तर मधे फुगा धरतो. म्हणून ताण हवा, आणि ताण हवा म्हणून नात हवी. पूर्वी कोपऱ्यावर पाटा-वरवंटा ठेवायचे, असं आज्जी सांगते. पाटा गोष्टी सांगत नाही, हा त्याचा एक फायदा होता, असंही सांगते.

दहा-बारा मिनिटांनी एसटीचा कंटाळा येतो. मग आज्जी हातातलं न थांबवता एक चिंधी नातीकडे सरकवते. तिची गुंडाळी करायची, मधून दुमडायची, दुमडल्या टोकाखाली दोरा गच्च बांधला की डोकं तयार. दुसरी पातळ गुंडाळी मानेखालून आडवी घातली की हात. खाली दुसरं कापड गुंडाळलं की साडी. एकही टाका लागत नाही. पहिल्या वेळी दोरा आज्जीने बांधला. दुसऱ्या वेळी नातीने बांधला आणि डोकं निसटलं. तिसऱ्या वेळी तिने दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि दुसरं दोन्ही हातांनी ओढलं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिने पाहिलं होतं. तिची आई मशीनवरची बॉबिन अडकली की दोरा असाच पायाखाली धरून ओढते.

बाजारात मुलांसाठी हस्तकलेचे संच मिळतात. त्यात सगळं आधीच कापलेलं, मोजलेलं असतं, आणि शेवटी काय होणार त्याचं चित्र डब्यावर छापलेलं असतं. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पावसाळ्यात सातव्या मजल्यावरच्या घरात दुसरं काय करणार? पण त्या डब्यात निसटणारं डोकं नसतं. आणि शेजारी मोठं माणूस बसलेलं असतं ते मुलाकडे बघत. इथे आज्जी नातीकडे बघतच नाही. तिचं अर्धं लक्ष टाक्यावर, पाव लक्ष दारात येणाऱ्या भाजीवाल्यावर, उरलेलं नातीवर. मुलाला मोकळं खेळू द्यायला एवढं पाव लक्षच बरं पडतं, असं त्या ओसरीवर तासभर बसल्यावर वाटू लागतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरींची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, पानं, बिया, खडे हीच त्यांची साधनं झाली. अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन तीच वाट विज्ञानाकडे वळवली. आज्जीला ही नावं माहीत नाहीत. तिच्याकडे शिंपले नाहीत, कात्रण आहे. सुताचे रिकामे कोनही आहेत. पुठ्ठ्याचा कोन डोक्यावर ठेवला की मुकुट होतो, तोंडाला लावला की भोंगा. जानेवारीत गड्ड्याची यात्रा होऊन गेली की महिनाभर तोच कोन फूटपट्टीच्या टोकावर चढतो, खाली चिंधी बांधली जाते आणि नंदीध्वज तयार होतो. सिद्धेश्वरांच्या या यात्रेत सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना फेरी घालतात आणि बाराबंदी घातलेले गडी ते उंच काठ्यांचे ध्वज तोलत नेतात. इथला नंदीध्वज मोरीपासून चुलीपर्यंत जातो, आणि वाटेत मांजर लागली तर तिलाही लिंगाचा मान मिळतो.

असं उरल्यासुरल्यातून खेळ उभा राहताना बघणं गोड वाटतं. म्हणूनच जरा सावध राहिलं पाहिजे. याच शहरात पूर्व भागात दुसरी ओसरी आहे. तिथे बाईच्या मांडीवर सूप असतं, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीने कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. अशा हजार बिड्या वळल्या तर दिवस भरला. सोलापुरात हजारो बायकांचं घर यावर चालतं. कुंभारीजवळ त्यांच्यासाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची आहे. ही घरं २००६ मध्ये बायकांच्या ताब्यात आली.

या ओसरीवरही उरलेलं काहीतरी मुलाच्या हाताला लागतंच. पान कापल्यावर कडेच्या पट्ट्या उरतात. त्यांच्या पिपाण्या होतात, भातुकलीच्या ताटात त्या भाजी होतात. मुलगी आईसारखी मांडी घालते, पुस्तकाचं सूप करते, मातीची चिमूट पानात भरते, वळते. आई हसते. पण पुढे कधीतरी मातीच्या जागी तंबाखू येतो. मुलीची बोटं लहान असतात, बिडीचं तोंड मुडपायला ती बरी पडतात. कितीतरी घरांत मुलींची शाळा अशीच सुटली. कोणी सांगून सोडवली नाही, खेळता खेळता सुटली. १९८६ च्या बालकामगार कायद्याने बिडी वळण्यावर मुलांना बंदी घातली होती, पण माणूस आपल्या घरच्यांच्या मदतीने जे काम करतो त्याला त्यातच सूट ठेवली. बिडी तर घरातच वळली जाते. आता अनेक आया पोरीला तंबाखूच्या सुपाजवळ फिरकू देत नाहीत, अंगणवाडीची वेळ चुकू देत नाहीत. अशाच एका घरात आईने मुलीला कापलेल्या पट्ट्या खेळायला दिल्या, पण कात्री आणि साचा उंच फळीवर ठेवला. तिला कुठल्या कलमाची माहिती नव्हती. ती स्वतः सातवीत शाळा सोडून बसली होती.

तेव्हा बाळीवेशीच्या ओसरीवर नात 'वजन' म्हणून बसते, तिथेही एक प्रश्न विचारावाच लागतो. ती उठून गेली तर काय होतं? उत्तर सोपं आहे. आज्जी पाटा आणून ठेवते.

सकाळी स्वयंपाकघरात हेच जरा वेगळ्या रीतीने चालतं. ज्वारीच्या पिठात आधणाचं पाणी घातलेलं असतं. गव्हाच्या कणकेसारखा चिवटपणा ज्वारीला नसतो, म्हणून पीठ तळहाताने रगडून रगडून मळावं लागतं. जुन्या पिठाची तर विरीच जाते, भाकरी काठाला चिरत जाते. शेवटचा लिंबाएवढा गोळा नातीचा. त्याची ती चानकी थापते. पहिले दोन-तीन थापटे भाकरीसारखे पडतात, मग गोळ्याचा साप होतो, सापाची जिलबी, जिलबीचा पुन्हा गोळा. एव्हाना पिठाला मातीचा रंग आलेला असतो. आई तो गोळा निमूटपणे बाजूला ठेवते, दुसरा घेते आणि नातीचं लक्ष नसताना तव्यावर टाकते. आजवर खाल्लेली प्रत्येक चानकी आपणच थापली आहे, असा नातीचा समज आहे.

चटणीसाठी शेंगा फोडायला बसलं की टरफलांचं राज्य सुरू होतं. दोन दाण्यांच्या टरफलाची होडी, एका दाण्याची टोपी बोटाच्या टोकावर. पाच बोटांवर पाच टोप्या चढल्या की दुसऱ्या हाताने काही करता येतं, पण या हाताने शेंग फोडता येत नाही. मग सगळ्या टोप्या काढाव्या लागतात. हा पेच तिला रोज नव्याने पडतो. फोडलेल्या दाण्यांतले निम्मे तोंडात जातात. हा हिशेब घरात कोणी ठेवत नाही.

खरा सोहळा ज्येष्ठात. पौर्णिमेला कारहुणवी, म्हणजे कानडी मुलखातला बेंदूर. त्यानंतर पंधरा दिवसांनी अमावस्येला मातीच्या बैलांची पूजा. कानडीत तिला मण्णेत्तिन अमावास्ये म्हणतात. 'मण्णु' म्हणजे माती, 'एत्तु' म्हणजे बैल. मृग लागून गेलेला असतो, जमीन भिजलेली असते, पेरणीची लगबग असते. शहरात बैल नाहीत, शेत नाही, पण सण आहे. कुंभाराकडे जोडी विकत मिळते. पण या घरात आज्जी पाटीभर काळी माती आणवते आणि देव्हाऱ्यातली जोडी घरीच करते.

काळी माती हट्टी. ओली असताना हाताला चिकटते, वाळताना आकसते आणि चिरते. आज्जी तिच्यात चाळलेली राख आणि थोडा कापूस कालवते. कापसाचे तंतू चिरा जाऊ देत नाहीत. बैल घडवायची तिची रीत ठरलेली आहे. आधी बोटाएवढ्या जाड वळकटीची कमान करायची, म्हणजे पुढचे-मागचे पाय एकदम तयार होतात. मग वशिंड चिमटीने वर ओढायचं. शिंगं शेवटी, आणि थोडी जाडच, नाहीतर वाळताना गळून पडतात. डोळ्यांना ज्वारीचे दाणे. नातीच्या बैलाला पहिल्या वर्षी पाच पाय होते. पाचवा काढ म्हटल्यावर तिने तो शेपूट असल्याचं सांगितलं. यंदा पाय चार आहेत, पण वशिंडं दोन झालीत. बैल पूजेला बसला. देव्हाऱ्यात आज्जीच्या घोटीव जोडीशेजारी तो जरा उंटासारखा दिसत होता. त्यालाही हळदकुंकू लागलं, त्याच्याही पुढे कडबा पडला. दुसऱ्या दिवशी कौदीवरच्या एसटीत तो पुढच्या सीटवर होता.

उत्तर कर्नाटकाच्या बाजूला मातीची वर्षातून पाच वेळा पूजा होते. बैल, गुळ्ळव्वा, नागोबा, गणपती आणि शेवटी जोकुमार. सोलापुरातल्या कानडी घरांत यातलं काही टिकलं आहे, काही सुटलं आहे. मुलांच्या दृष्टीने पाहिलं तर जून ते सप्टेंबर घरात सारखी माती येत राहते, आणि ती आणायला सबळ कारण असतं. फरशी खराब होते. सून पुसते, आणि ती काही हसतमुखाने पुसत नाही. "देवाचं आहे म्हणून बोलत न्हाई," एवढं मात्र ती बोलते.

कौदी पूर्ण व्हायला दीड महिना लागला. रोज एवढा वेळ मिळतोच असं नाही. पाहुणे आले, सुनेला कॉलरची घाई आली, नातीला ताप आला. निळ्या चौकड्याच्या फेऱ्यात एका ठिकाणी पाच-सहा टाके वेडेवाकडे, लांब लांब आहेत. एके दुपारी आज्जीला डुलकी लागली तेव्हाचे ते. सुई कशी मिळाली यावरून घरात थोडी बोलाचाली झाली. टाके उसवले मात्र नाहीत. दोरा दुहेरी होता, टाका घट्ट होता, उसवायचं कारण नव्हतं, असं आज्जीचं म्हणणं.

शेवटच्या दिवशी फेरे आत आत येत मधे वीतभर चौकोन उरला. त्याच्या तीन बाजू शिवून झाल्या, चौथी उघडी. आज्जीने नातीला स्वयंपाकघरात पिटाळलं. कौदीचं पोट उपाशी शिवायचं नाही, असा या घरातला रिवाज आहे. मधल्या चौकोनात एक घास ठेवायचा आणि मग तोंड बंद करायचं.

नात सकाळची चानकी घेऊन आली. त्यातला अर्धा तुकडा तिने मोडून आत सारला. मग वाकून उघड्या बाजूने आत बघितलं, हात घालून तो तुकडा परत बाहेर काढला, त्याला बोटाने शेंगाची चटणी लावली आणि पुन्हा आत ठेवला. आज्जीने सुईत दोरा ओवला.