शेअर केलेला ड्राइव्ह उघडत नाही, म्हणजे नेमकं काय उघडत नाही?

‘पेट’ची तयारी करणारी किंवा नुकतंच गाइड मिळालेली मंडळी मला संशोधनाबद्दल विचारतात तितकंच चक्क कॉम्प्युटरबद्दलही विचारतात. त्यात वारंवार येणारा एक प्रश्न असा: घरच्या डेस्कटॉपवरचा डेटा लॅपटॉपवरून उघडत नाहीये. कालपर्यंत उघडत होता. सगळं करून बघितलं.

‘सगळं करून बघितलं’ हे तीन शब्द मला खटकतात, म्हणून हा लेख.

चित्र डोळ्यासमोर आणा. पाषाण-सूसच्या बाजूला तिघींनी मिळून घेतलेला फ्लॅट. हॉलमध्ये एक डेस्कटॉप, त्यात दोन टेराबाइटची डिस्क. त्यावर एकीच्या मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज, दुसरीच्या मायक्रोस्कोपच्या इमेजेस. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली, परत आली, आणि तेव्हापासून लॅपटॉपवर ड्राइव्हच्या चिन्हावर लाल फुली. सोमवारी गाइडला आलेख दाखवायचेत. मग काय होतं? राउटर बंद-चालू केला. फायरवॉल बंद केली. फोल्डरला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ देऊन टाकलं. कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं म्हणून ‘एसएमबी १.०’ चालू केलं. तासाभरानं ड्राइव्ह उघडला.

प्रश्न सुटला? चार गोष्टी बदलल्या, त्यातल्या एकीमुळे काम झालं, कुठल्या ते माहीत नाही, आणि बाकीची दारं उगाच सताड उघडी राहिली. प्रयोगशाळेत असं कुणी केलं तर आपण लगेच म्हणू की चार व्हेरिएबल एकदम का हलवलेस? घरी मात्र आपण सगळे हेच करतो.

आता वेगळ्या प्रकारे बघू. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचं काम १९४८ पासून चालू आहे आणि तिथे सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत. समजा, त्यातली एक चिठ्ठी बघायला तुम्ही निघालात आणि हात हलवत परत आलात. ‘चिठ्ठी मिळाली नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. येरवड्याला पोहोचलात का? कोश विभाग कुठे आहे ते सापडलं का? दार उघडं होतं का? तुम्ही कोण हे त्यांना पटलं का? आणि पटल्यावरसुद्धा, ते कपाट उघडायची परवानगी होती का? शेअर्ड फोल्डरचंही हेच, आणि याच क्रमानं: जाळ्यातली वाट, मशीनचं नाव, पोर्ट, ओळख, परवानगी. प्रत्येक टप्प्याला वेगळी चाचणी आहे.

सगळ्यात आधी एरर वाचा. खरंच वाचा, बंद करू नका. विंडोज दाखवतं तो लांबलचक आकडा सोळाच्या पायातला असतो आणि कामाचे असतात ते शेवटचे अंक. शेवटी ३५ असेल तर तीन गुणिले सोळा अधिक पाच, म्हणजे ५३. कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट यूज’ वापरलंत तर तीच तक्रार सरळ ‘सिस्टिम एरर ५३’ म्हणून येते. अर्थ: तिथवर पोहोचताच आलं नाही. शेवटी ०५ असेल तर पोहोचलात, पण आत घेतलं नाही. १३२६ आला तर नाव किंवा पासवर्ड चुकलाय. १२१९ म्हणजे त्याच मशीनशी तुम्ही आधीच दुसऱ्या नावानं जोडलेले आहात. बघा, एकाच आकड्यानं निम्मं मैदान साफ झालं. एरर ५ असताना राउटरला हात लावायचं काहीच कारण नाही.

गुरुवारच्या आपल्या फ्लॅटमध्ये समजा ५३ आला. डेस्कटॉपवर ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड द्या (कमांड इंग्रजीतच टाइप करायच्या, इथे फक्त उच्चार देतेय). पत्ता दिसेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. आता लॅपटॉपवर तेच करा. तिथे १९२.१६८.०.४ दिसलं तर थांबा, उत्तर बहुतेक सापडलंच. शेवटून दुसरा आकडा वेगळा आहे, म्हणजे दोन मशीन्स दोन वेगळ्या जाळ्यांत बसली आहेत. पुण्यात हे फार दिसतं. फायबरवाल्यानं दिलेल्या डब्यात स्वतःचा राउटर असतोच, आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुसरा आणून त्याला जोडतो. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती असतील तर विचारूच नका. लाइट आल्यावर लॅपटॉपनं ज्याचा सिग्नल आधी मिळाला तो पकडला. यातली गंमत अशी की आतल्या राउटरमागून बाहेरच्या जाळ्यातलं मशीन गाठता येतं, उलट दिशेनं येत नाही. म्हणून ‘माझं उघडतं, तिचं उघडत नाही’ अशी भांडणं होतात आणि दोघीही खरं बोलत असतात. उपाय: दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका.

दोन्ही पत्ते एकाच जाळ्यातले असतील तर ‘पिंग’ करा. उत्तर आलं तर वाट आहे. नाही आलं तर? इथेच नकारात्मक निष्कर्षाचा घोळ होतो. पिंगला उत्तर नाही याचा अर्थ मशीन नाही असा होत नाही, कारण विंडोजची फायरवॉल पिंग अडवू शकते. म्हणून पिंगनंतर लगेच ‘एआरपी -ए’ बघा. त्या यादीत डेस्कटॉपचा पत्ता आणि त्यासमोर हार्डवेअरचा पत्ता दिसला, तर मशीन तिथे आहे, फक्त गप्प आहे. अजिबातच दिसला नाही तर तुम्ही गेस्ट वायफायवर आहात का ते पाहा, नाहीतर राउटरमध्ये ‘आयसोलेशन’ चालू आहे का ते शोधा. पीजी आणि हॉस्टेलच्या वायफायवर ही सोय मुद्दाम चालू ठेवतात, एकाला दुसऱ्याचं मशीन दिसू नये म्हणून. तिथे ती बंद करायच्या मागे लागू नका. ती तुमच्याच भल्याची आहे.

मशीन आहे पण गप्प आहे, तर बहुतेकदा कारण ‘पब्लिक’ प्रोफाइल असतं. राउटर बदलला किंवा रीसेट झाला की विंडोजला ते नवं जाळं वाटतं, आणि नव्या जाळ्याला ते परकं समजून शेअरिंग बंद ठेवतं. सेटिंगमध्ये जाऊन ते जाळं ‘प्रायव्हेट’ करा आणि पुन्हा तपासा. फायरवॉल बंद करायची गरज नाही. पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ कमांडला पत्ता आणि ४४५ हा पोर्ट दिलात की दार उघडं आहे की नाही ते सरळ हो-नाहीत कळतं. फाइल शेअरिंग याच पोर्टवरून चालतं.

दार उघडं आहे, तरी नावानं उघडत नाही? मग ॲड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे आकडी पत्ता टाका. आकड्यानं उघडलं आणि नावानं नाही, तर भानगड नावाची. आणि आधी आकड्यानंच जोडलेलं होतं, तर लाइट गेल्यावर राउटरनं डेस्कटॉपला नवा पत्ता दिला असणार, काल ७ होता तो आज ११ झाला. राउटरमध्ये त्या मशीनसाठी पत्ता राखून ठेवा, कटकट कायमची मिटेल. ‘नेटवर्क’ खिडकीत मशीनचं चिन्ह दिसत नाही, हा मात्र कशाचाच पुरावा नाही. चिन्ह न दिसताही फोल्डर उघडतो.

इथपर्यंत पोहोचलेल्यांना सांबाची गोष्ट सांगायलाच हवी. लिनक्सवरून विंडोजचे फोल्डर उघडतात ते सांबा या सॉफ्टवेअरमुळे. त्याची सुरुवात १९९१-९२ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल यानं केली, तेव्हा तो कॅनबेरात ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. दोन मशीन्स आपसात काय बोलतात याचं दस्तऐवज त्याच्याकडे नव्हतं. मग त्यानं तारेवरून जाणारे संदेश पकडून वाचले. ही पद्धत त्यानं नंतर फ्रेंच कॅफेची उपमा देऊन समजावली: भाषा येत नाही, तर कोपऱ्यात बसून ऐका, गिऱ्हाईक काय बोललं आणि वेटरनं काय आणलं ते टिपा, मग स्वतः एक वाक्य बोलून काय येतं ते बघा. एका वेळी एकच वाक्य. नाव ‘सांबा’ पडलं तेही एस, एम, बी ही अक्षरं असलेले शब्द त्यानं शब्दकोशात शोधले म्हणून.

आता ओळख आणि परवानगी. लॅपटॉप युजरनेम मागतो आणि तुम्ही रोजचा चार आकडी पिन टाकता. पिन त्या मशीनपुरताच असतो, जाळ्यातून चालत नाही, पासवर्डच लागतो. डेस्कटॉपच्या खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज बाहेरून प्रवेश देत नाही. आणि गेल्या वर्षभरात ‘अपडेटनंतर बंद पडलं’ म्हणणारे असाल, तर हे पाहा: २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनं प्रो एडिशनमध्येही विनापासवर्ड, पाहुणा म्हणून जोडणं बंद केलं. राउटरच्या मागे पेनड्राइव्ह खोचून केलेलं शेअरिंग अनेकदा यातच अडकतं. यावर माझं मत स्पष्ट आहे. डेस्कटॉपवर शेअरिंगसाठी एक वेगळं साधं खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि फोल्डरची परवानगी फक्त त्या खात्याला द्या. परवानगी दोन ठिकाणी असते, ‘शेअरिंग’ टॅबमध्ये आणि ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये, आणि दोन्हींपैकी जी जास्त कडक ती लागू होते. एकीकडे फुल आणि दुसरीकडे नुसतं वाचन असेल तर मिळतं नुसतं वाचनच.

‘एव्हरीवन’वर माझा राग का, ते सांगते. तुमच्या फ्लॅटचा वायफाय पासवर्ड कुणाकुणाकडे आहे ते मोजा. आधीचे भाडेकरू, दोन दिवस राहून गेलेले मित्र, शेजारचे काका. तुमच्या फोल्डरात जर मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज असतील, तर माहिती गोपनीय ठेवू असं संमतिपत्रावर तुम्ही लिहून दिलेलं आहे. समोरच्या बाईनं त्या सहीवर विश्वास ठेवून घरातल्या गोष्टी सांगितल्या. तो शब्द सोमवारच्या आलेखासाठी मोडायचा नसतो.

एसएमबी १.० ची गोष्ट तर जगजाहीर आहे. त्यातली फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ ला दिलं. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ सुटला आणि त्याच फटीतून, अपडेट न केलेल्या मशीन्समध्ये पसरत गेला. इंग्लंडमधल्या रुग्णालयांची कामं ठप्प झाली. मध्ये ५९ दिवस होते. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या शरद ऋतूतल्या आवृत्तीपासून एसएमबी १.० मुळात बसवलंच जात नाही. ते पुन्हा चालू करायला सांगणारे जुने व्हिडिओ मात्र अजून फिरताहेत. एखादं जुनं उपकरण त्याशिवाय चालत नसेल तर उपकरण बदला.

प्रत्येक पायरीला वहीत एक ओळ लिहा: काय तपासलं, काय दिसलं, काय बदललं. बदलून फरक पडला नाही तर ते आधी पूर्ववत करा, मगच पुढची गोष्ट बदला.

ड्राइव्ह उघडल्यावर दोन कामाच्या गोष्टी. झोटेरोचा डेटाबेस शेअर्ड ड्राइव्हवर ठेवून दोन मशीन्सवरून उघडू नका. तो एसक्यूलाइटवर चालतो, आणि जाळ्यावरच्या ड्राइव्हवर एसक्यूलाइटचं लॉकिंग भरवशाचं नसतं, फाइल बिघडू शकते. दुसरं, मोठा डेटा हलवायचा तर आधी हिशेब करा. वायफायवर सेकंदाला २० मेगाबाइट मिळाले तर २०० गिगाबाइटला पावणेतीन तास लागतील. गिगाबिट केबल लावलीत आणि डिस्क चांगली असेल तर साधारण अर्धा तास. आणि ओढून-सोडून कॉपी करू नका, मध्येच लाइट गेली तर कुठवर आलं ते कळत नाही. विंडोजवर ‘रोबोकॉपी’ वापरा, लिनक्सवर ‘आरसिंक’, म्हणजे राहिलेल्या फाइल्सपासून पुढे चालू होतं. हे आरसिंकही ट्रिजेलचंच. १९९९ च्या त्याच्या प्रबंधात ते आहे.