बेळगावचा खंदक आणि तळाखालचा सुरुंग

आजऱ्याच्या मुलांना किल्ला म्हटले की डोंगर आठवतो. गडहिंग्लजजवळचा सामानगड किंवा गारगोटीकडचा भुदरगड त्यांच्या डोळ्यांसमोर येतो. तेथे कडा हेच पहिले संरक्षण असते. मग सपाट जमिनीवरच्या भुईकोटाचे संरक्षण कोण करतो? वर्गात हा प्रश्न विचारला तर ‘खंदक’ हे उत्तर लगेच मिळते. पण खंदक नेमके काय करतो, असे विचारले की ‘शत्रूला पोहत यावे लागते’ याच्या पुढे कोणी जात नाही. हे उत्तर चूक नाही, अपुरे आहे. ते पुरे करण्यासाठी आपण संकेश्वरमार्गे बेळगावला जाऊ या.

बेळगावचा भुईकोट जुन्या गावाच्या पूर्वेस आहे. आकार लंबगोल, क्षेत्र सुमारे शंभर एकर. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने इ. स. १२०४ मध्ये येथे जैन मंदिर बांधले. तेच आजची कमल बस्ती. किल्ल्याचा आरंभही याच काळातला मानला जातो. सोळाव्या शतकात, आदिलशाहीत, येथील तटाची मोठी बांधणी झाली. आतील सफा मशीद आदिलशाही सरदार असदखान लारी याची. या सर्वांना वेढणारा रुंद आणि खोल खंदक जमीन खोदूनच केलेला आहे.

खंदकाचे खरे काम

तटावर शिडी लावणे, दरवाजा फोडणे आणि तटाखाली भुयार खणणे हे किल्ला घेण्याचे जुने मार्ग. यांतला तिसरा सर्वांत घातक. ‘सुरुंग’ या शब्दाचा मूळ अर्थ भुयार असाच आहे. दारू त्यात नंतर आली. भुयार तटाच्या पायाखाली न्यायचे, छताला लाकडी टेकू द्यायचे आणि शेवटी टेकू जाळायचे. टेकू गेले की छत खचते आणि वरचा तट कोसळतो. इंग्लंडमध्ये रोचेस्टर किल्ल्याच्या वेढ्यात, १२१५ साली, जॉन राजाने टेकू पेटवण्यासाठी चाळीस डुकरांची चरबी मागवली होती.

याला उतारा म्हणजे पाण्याने भरलेला खंदक. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान एक टन. म्हणजे खंदकात सहा मीटर पाणी असेल तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सहा टन भार असतो. त्याखालून भुयार खणताना छतात लहानशी भेग जरी सापडली तरी पाणी दाबाने आत घुसते. भुयारात दारू ठेवायची असेल तर आणखी एक अडचण असते. दारूत शोरा, कोळसा आणि गंधक असते. त्यांत वजनाने सुमारे तीन-चतुर्थांश शोराच असतो. शोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तो पाण्यात सहज विरघळतो. भिजलेली दारू निकामी होते. म्हणून खंदक हा पोहणाऱ्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, खणणाऱ्याचा शत्रू आहे.

१४७२ चा वेढा

बहमनी सुलतान तिसरा महंमदशहा आणि त्याचा वजीर महमूद गावान यांनी १४७२ च्या सुमारास बेळगावला वेढा दिला. विजापूरच्या दरबारात राहून इतिहास लिहिणाऱ्या फरिश्त्याने त्याचे वर्णन केले आहे. वेढा घालणारे दिवसा लाकूड आणि माती टाकून खंदक बुजवीत. आतले लोक रात्री तो भराव काढून टाकीत. शेवटी सुरुंग खणण्याचा हुकूम झाला. फरिश्त्याच्या मते दख्खनच्या वेढ्यांत दारूच्या सुरुंगांचा वापर तोवर झालेला नव्हता. राजा खंदकावर विसंबून निर्धास्त होता. एकाएकी तीन सुरुंग उडाले आणि तटाला तीन खिंडारे पडली. खिंडारांतून घुसताना बहमनी फौजेचीही मोठी हानी झाली, पण किल्ला पडला.

दारू मोकळ्या जागेत पेटवली तर भुर्रकन जळून जाते. बंदिस्त जागेत मात्र तिच्यापासून निर्माण होणाऱ्या तप्त वायूंना पसरायला जागा मिळत नाही, आणि ते वरचा तट उचलून फेकतात. पण मुळात प्रश्न असा की खंदक भरलेला असताना दारू कोरडी राहील असे भुयार शक्य तरी कसे होते?

उत्तर जमिनीत आहे

बेळगावच्या परिसरात, आजरा-चंदगडप्रमाणेच, जांभा दगड भरपूर आहे. उष्ण आणि पावसाळी हवेत मूळ खडक कुजतो. त्यातील सिलिका वाहून जाते. लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात. वरचा थर टणक पण सच्छिद्र होतो. आपण घरासाठी चिरे काढतो तो हाच. त्याच्या खाली पुष्कळदा मऊ, चिकणमातीचा थर असतो. वरच्या छिद्रांतून पावसाचे पाणी झिरपते आणि या मातीवर येऊन थांबते. अशा जमिनीत खंदक खोदणे म्हणजे किल्ल्याभोवती गोल फिरणारी एक विहीरच खोदणे होय.

आता गंमत पाहा. जी चिकणमाती खंदकातले पाणी खाली जाऊ देत नाही, तीच माती तिच्यातून जाणाऱ्या भुयाराच्या छतातूनही पाणी येऊ देत नाही. शिवाय ती कुदळीने सहज खणता येते आणि तिचे छत काही काळ टिकते. सच्छिद्र जांभ्यातून भुयार नेले तर ते बुडेल. पुरेसे खोल, मातीच्या थरातून नेले तर कोरडे राहू शकेल. ज्या थराच्या बळावर खंदक भरलेला राहतो, त्याच थरातून किल्ल्याखाली जाण्याची वाट निघू शकते.

वर्गात करून पाहा

प्लॅस्टिकची मोठी पारदर्शक बाटली वरून कापून घ्या. तळाशी चार बोटे ओली चिकणमाती घट्ट दाबून बसवा. त्यावर तितकीच जाड वाळू घाला. बाजूला तापल्या खिळ्याने दोन भोके पाडा, एक वाळूच्या आणि एक मातीच्या उंचीवर. वाळूवर पाणी ओता. वरच्या भोकातून पाणी गळते. खालचे कोरडे राहते. हेच दोन सुरुंग.

आता वरचे भोक मेणाने बंद करा. वाळूत एकमेकांपासून दूर दोन खड्डे करा, एक खंदक व दुसरा विहीर, आणि पाणी घाला. दोन्हींत पाण्याची पातळी सारखी होते. खंदकात शाईचे थेंब टाकून दुसऱ्या दिवशी विहीर पाहा.

हा शेवटचा भाग गाळू नये. १८१८ मध्ये मन्रोच्या इंग्रजी तोफांपुढे तीन आठवड्यांनी किल्ला शरण गेला, आणि खंदकाचे लष्करी काम तेथे संपले. जमिनीतले काम मात्र संपलेले नाही. खंदक, तळे, चिरे काढून उरलेली खाण हे सारे आजूबाजूच्या विहिरींशी आतून जोडलेले असते. चिरेखाणीत गावाचा कचरा टाकला की तो दृष्टीआड होतो, पण विहिरीआड होत नाही. आजऱ्याच्या मुलांनी बेळगावचा खंदक जरूर पाहावा, आणि परत आल्यावर आपल्या गावच्या चिरेखाणीत डोकावून पाहावे.