मध्यरात्रीची रांग

रात्रीचे अकरा वाजले आहेत. दुकानाचे दार बंद आहे. तरीही दारासमोर शे-दोनशे माणसे शांतपणे उभी आहेत. कोणी अंथरूण आणले आहे, कोणी खाऊचा डबा. बाराचा ठोका पडताच दार उघडणार आणि नवा व्हिडिओ खेळ हाती मिळणार! २५ सप्टेंबर २००७ रोजी 'हॅलो ३' हा खेळ आला तेव्हा अमेरिकेत असे दृश्य दहा हजारांहून अधिक दुकानांत दिसले. दहा लाखांहून अधिक लोकांनी त्या खेळाची आगाऊ नोंदणी केलेली होती. शिवाय तो दिवस मंगळवार, म्हणजे सकाळी शाळा होतीच!

या वेडामागे थोडे गणित आहे आणि थोडा भूगोलही आहे.

बाराच का?

खेळाच्या तबकड्या दुकानांत काही दिवस आधीच पोहोचलेल्या असतात. एखाद्या दुकानदाराने लवकर विक्री केली, तर इतरांचे नुकसान होते. म्हणून निर्माता एक तारीख ठरवून देतो. तारीख बदलते ती रात्री बाराला. तेव्हा विक्रीचा पहिला क्षणही तोच. पण मध्यरात्र सर्व जगात एकदम होत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. प्रमाणवेळेनुसार न्यूझीलंडमध्ये रात्रीचे बारा वाजतात तेव्हा भारतात आदल्या दिवशीचे सायंकाळचे साडेपाचच झालेले असतात. न्यूयॉर्कची मध्यरात्र लॉस एंजेलिसच्या तीन तास आधी येते. एकाच तारखेला येणारा खेळ असा पृथ्वीबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जातो.

रांगेचे गणित

रांगेचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो दूरध्वनीमुळे. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये या विषयावरील पहिला निबंध प्रसिद्ध केला. ग्राहकांना फार खोळंबावे लागू नये यासाठी किती तारा हव्यात, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. आपला प्रश्नही तसाच आहे.

समजा, मध्यरात्री दारात ३०० माणसे उभी आहेत आणि दुकानात दोन खिडक्या आहेत. खेळ शोधणे, पैसे घेणे, सुटे देणे, पावती करणे यांत माणशी ९० सेकंद जातात. दोन्ही खिडक्या एकाच वेळी चालू असल्याने सर्वांना लागणारा वेळ असा :

३०० × ९० ÷ २ = १३,५०० सेकंद = ३ तास ४५ मिनिटे.

शेवटचा मुलगा पहाटे पावणेचारला घरी निघेल! आता पैसे आधीच भरलेले असले आणि केवळ पावती पाहून खेळ द्यायचा असला, तर माणशी ३० सेकंद पुरतात. मग हेच काम सव्वा तासात आटोपते. आगाऊ नोंदणीचा हा एक उपयोग. दुसरा उपयोग निर्मात्याला होतो. माल किती करावा, याचा अंदाज त्याला आधीच बांधता येतो.

चिप, तबकडी आणि तार

हा अंदाज पूर्वी फार महत्त्वाचा होता. जपानमध्ये १० फेब्रुवारी १९८८ रोजी 'ड्रॅगन क्वेस्ट ३' हा खेळ विक्रीस आला. तो दिवस बुधवार होता. पहिल्याच दिवशी सुमारे दहा लाख प्रती खपल्या, आणि शाळा बुडवून रांगेत उभे राहिलेले सुमारे ३०० विद्यार्थी पोलिसांच्या हाती लागल्याच्या बातम्या आल्या. या मालिकेचा पुढचा खेळ १९९० मध्ये रविवारी विक्रीस आणला गेला. त्या काळी खेळ सिलिकॉनच्या चिपमध्ये कोरलेला असे. अशा चिपा तयार व्हायला आठवडेच्या आठवडे लागत; अंदाज चुकला की तुटवडा ठरलेला. पुढे तबकड्या आल्या. प्लास्टिकची तबकडी साच्यातून काही सेकंदांत निघते. शिवाय ड्रॅगन क्वेस्टची चिप २५६ किलोबाइटची, तर दोन थरांच्या डीव्हीडीवर ८.५ अब्ज बाइट मावतात. म्हणजे सुमारे ३२ हजार पट!

आता तर पुष्कळ खेळ इंटरनेटवरूनच घरी येतात. २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' हा खेळ अनेकांच्या संगणकांत आधीच उतरवून ठेवलेला होता, पण सांकेतिक कुलूप लावून. १६ नोव्हेंबरला ते उघडायचे होते. त्या दिवशी असंख्य संगणकांनी एकदमच किल्ली मागितली, किल्ली देणाऱ्या यंत्रांवर भार पडला आणि अनेकांना ताटकळावे लागले. दुकानापुढची रांग तारेत गेली, इतकेच!

मग आगाऊ पैसे का भरावेत?

इंटरनेटवरून येणाऱ्या खेळाच्या प्रती कधी संपत नाहीत. मग नोंदणीची घाई कशासाठी? १० डिसेंबर २०२० रोजी 'सायबरपंक २०७७' हा पोलंडमध्ये तयार झालेला खेळ आला. त्याची आगाऊ नोंदणी सुमारे ८० लाख होती. पण जुन्या यंत्रांवर तो वारंवार बंद पडू लागला. सोनी कंपनीने साधारण आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो तेथे परतला. ज्यांनी थोडी वाट पाहिली, त्यांना दुरुस्त झालेला खेळ मिळाला. प्रयोगशाळेत आपण वाचन घेतल्यावाचून निष्कर्ष लिहीत नाही. वडिलांच्या खिशातले पैसे खर्च करतानाही हाच नियम पाळावा.

करून पाहा

जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये एक सुंदर नियम सिद्ध केला : रांगेतील सरासरी माणसे = दर मिनिटाला येणारी माणसे × प्रत्येकाचा रांगेतील सरासरी वेळ (मिनिटांत). मधल्या सुट्टीत शाळेच्या पाण्याच्या नळापाशी घड्याळ घेऊन उभे राहा. मिनिटाला ६ मुले येत असतील आणि प्रत्येकाला सरासरी २ मिनिटे लागत असतील, तर रांगेत सरासरी १२ मुले दिसली पाहिजेत. मोजा आणि ताळा पाहा. मग आणखी एक नळ उघडला तर काय होईल, ते आधी वहीत लिहा आणि नंतरच नळ उघडा.