मोटारींची बखर – लेखांक ७
रोव्हर : अभियंते होते, मालक नव्हता

गेल्या आठवड्यात आपण ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिस यांची कंपनी पाहिली. तिच्या मॉरिस ऑक्सफर्डचा आराखडा हुगळीकाठच्या उत्तरपाड्याला आला, त्याची अँबॅसडर झाली आणि २०१४पर्यंत तयार होत राहिली, तिथे आपण थांबलो होतो. आजची कंपनी मॉरिसपेक्षा वयाने मोठी, पसाऱ्याने लहान आणि कल्पकतेत तिच्या चार पावले पुढे होती. आज आपण चालवतो त्या सायकलीचा मूळ आराखडा रोव्हरने रूढ केला. लँड रोव्हर आणि रेंज रोव्हर तिनेच घडवल्या. गॅस टर्बाइनवर धावणारी जगातली पहिली मोटारही तिचीच. अशी ही कंपनी २००० साली अवघ्या दहा पौंडांना विकली गेली आणि पाच वर्षांत बंद पडली. हे कसे झाले, ते समजून घ्यायला तिची गोष्ट मुळापासून सांगावी लागेल.

कॉव्हेंट्रीची सायकल

इंग्लंडच्या मध्यभागी असलेले कॉव्हेंट्री हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायकलधंद्याचे मोठे केंद्र होते. तिथे जॉन केम्प स्टार्ली यांनी विल्यम सटन यांच्या भागीदारीत सायकली बनवायला सुरुवात केली. त्या वेळच्या सायकलीचे पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच आणि मागचे अगदी लहान असे. पायटे पुढच्याच चाकाला जोडलेले असत. खड्डा लागला की स्वार डोक्यावर आपटायचा. १८८५मध्ये स्टार्लींनी ‘रोव्हर सेफ्टी’ सायकल आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी, स्वार दोन चाकांच्या मधोमध आणि पायट्यांची गती साखळीने मागच्या चाकाला. सायकल आजही याच तत्त्वावर चालते.

स्टार्ली १९०१मध्ये वारले. कंपनीची पहिली मोटार, एका सिलिंडरची ‘रोव्हर एट’, १९०४मध्ये आली. पुढची पंचवीस वर्षे चढउतारांची गेली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कंपनी तोट्यात होती आणि तिचा सूर हरवला होता. तो सापडला १९२९मध्ये स्पेन्सर विल्क्स कंपनीत आले तेव्हा.

विल्क्स बंधूंची शिस्त

स्पेन्सर विल्क्स कारभार पाहत आणि त्यांचे धाकटे बंधू मॉरिस विल्क्स अभियांत्रिकी. दोघांनी एक धोरण पक्के केले. ऑस्टिन आणि मॉरिस या कंपन्यांशी स्वस्ताईची शर्यत लावायची नाही. गाड्या थोड्या बनवायच्या, पण डॉक्टर, वकील, बँकेचा व्यवस्थापक अशा ग्राहकाने विश्वासाने घ्याव्यात इतक्या नेटक्या. काही वर्षांत कंपनी नफ्यात आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश सरकारने ‘छाया कारखाने’ उभारले. बांधकाम सरकारच्या पैशाने, कारभार मोटार कंपन्यांकडे आणि उत्पादन विमानांच्या इंजिनांचे, अशी ती योजना होती. रोव्हरकडे आलेला असा एक कारखाना बर्मिंगहॅमजवळच्या सॉलिहल इथे होता. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री भाजून काढली. त्यात रोव्हरच्या मूळ कारखान्याची मोठी हानी झाली. युद्ध संपल्यावर कंपनीने आपला संसार सॉलिहलला हलवला.

युद्धातला एक प्रसंग सांगायलाच हवा. फ्रँक व्हिटल यांचे जेट इंजिन उत्पादनायोग्य करण्याचे काम सरकारने रोव्हरकडे दिले होते. व्हिटल आणि रोव्हर यांचे पटेना. अखेर स्पेन्सर विल्क्स आणि रोल्स-रॉइसचे अर्नेस्ट हाइव्ह्ज यांनी अदलाबदल ठरवली. जेटचे काम रोल्स-रॉइसकडे गेले आणि रणगाड्यांचे मेटिअर इंजिन रोव्हरकडे आले. १९४३च्या सुरुवातीला हा व्यवहार अमलात आला. रोल्स-रॉइसचा जेट युगातला दबदबा या कामावर उभा राहिला. रोव्हरच्या अभियंत्यांना मात्र टर्बाइनची जी ओढ लागली, ती पुढची पंचवीस वर्षे सुटली नाही.

पोलाद नव्हते म्हणून जन्मलेली गाडी

१९४७मधला ब्रिटन कर्जात बुडालेला होता. पोलाद मोजून मिळे आणि जो माल निर्यात करून परकीय चलन आणील त्यालाच ते प्राधान्याने दिले जाई. रोव्हरच्या महागड्या, सभ्य गाड्यांना परदेशात फारशी मागणी नव्हती. एवढा मोठा सॉलिहलचा कारखाना चालवायचा कशावर, हा प्रश्न होता.

मॉरिस विल्क्स यांची वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेतजमीन होती. तिथल्या कामांसाठी ते युद्धातून उरलेली अमेरिकन विलीज जीप वापरत. जीप जुनी झाली होती. तिच्या जागी दुसरी कोणती घ्यावी, असा विचार केला तर ब्रिटनमध्ये तशी गाडीच बनत नव्हती. मग ती आपणच का बनवू नये, असे विल्क्स बंधूंनी ठरवले. जीपच्याच सांगाड्यावर पहिला नमुना तयार झाला. त्याचे स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखे मधोमध होते. ते पुढे सोडून दिले गेले.

या गाडीचा प्रत्येक गुण टंचाईतून आला आहे. पोलाद मिळत नव्हते, म्हणून बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. ती गंजली नाही आणि तेच पुढे तिचे मोठे वैशिष्ट्य ठरले. पत्रे ठोकून वळणदार आकार देणारे महागडे साचे परवडत नव्हते, म्हणून बॉडी सपाट, काटकोनी ठेवली. त्यामुळे ती जगात कुठेही साध्या हत्यारांनी दुरुस्त करता येऊ लागली. सुरुवातीच्या गाड्यांना लष्कराकडे उरलेला हिरवा रंग दिला गेला. शेतावर पंप किंवा करवत चालवता यावी म्हणून इंजिनाची शक्ती गाडीबाहेरच्या यंत्राला जोडण्याची सोय ठेवली. ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगासमोर आली. किंमत ४५० पौंड.

कंपनीला वाटले होते, मोटारींचा धंदा सुरळीत होईपर्यंत दोन-तीन वर्षे ही गाडी विकू. झाले उलटेच. काही वर्षांतच लँड रोव्हर कंपनीच्या मोटारींपेक्षा जास्त खपू लागली. आफ्रिकेतली राने, ऑस्ट्रेलियातली कुरणे, वाळवंटातली लष्करी ठाणी अशी ती सगळीकडे पोचली. १९७६मध्ये दहा लाखावी लँड रोव्हर तयार झाली. त्याच घराण्यातली शेवटची गाडी सॉलिहलहून २९ जानेवारी २०१६ रोजी बाहेर पडली, तेव्हा एकूण आकडा वीस लाखांच्या पुढे गेला होता.

सोनेरी वीस वर्षे

लँड रोव्हरच्या पैशाने रोव्हरच्या अभियंत्यांना मोकळा श्वास दिला. मार्च १९५०मध्ये त्यांनी ‘जेट १’ ही गॅस टर्बाइनवर चालणारी मोटार दाखवली. १९५२मध्ये बेल्जियममधल्या याबेके इथे ती ताशी २४० किलोमीटरच्याही पुढे धावली. १९६५मध्ये टर्बाइनवरची रोव्हर-बीआरएम ग्रॅहम हिल आणि जॅकी स्टुअर्ट यांनी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पूर्ण अंतर चालवून दहाव्या क्रमांकावर आणली. टर्बाइन इंधन फार खाई, म्हणून ती बाजारात आली नाही. पण एवढ्या लहान कंपनीने हा ध्यास धरावा, यातच तिच्या कारखान्यातले वातावरण कळते.

१९६३ची ‘रोव्हर २०००’ तर काळाच्या पुढची होती. पोलादी सांगाडा तयार करून त्यावर बाहेरचे पत्रे बोल्टने बसवायचे, अशी तिची रचना होती. सांगाडा प्रवाशांना वाचवी आणि ठोकर लागली तर तेवढाच पत्रा बदलता येई. रेखाटन डेव्हिड बाश यांचे आणि अभियांत्रिकी विल्क्स बंधूंचे भाचे स्पेन किंग यांच्या चमूची. युरोपातल्या ‘वर्षातील सर्वोत्तम मोटार’ या पुरस्काराची पहिली मानकरी १९६४मध्ये हीच गाडी ठरली.

याच सुमारास रोव्हरने एक धोरणी खरेदी केली. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने आपल्या ब्यूकसाठी बनवलेले साडेतीन लिटरचे हलके अॅल्युमिनियम व्ही ८ इंजिन बंद केले होते. रोव्हरने १९६५मध्ये त्याचे हक्क घेतले. हे इंजिन पुढे जवळपास चाळीस वर्षे वापरात राहिले. ते बसवलेली रोव्हर पी ५बी ही मोटार ब्रिटिश पंतप्रधानांची गाडी झाली. मे १९७९मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान म्हणून प्रथम डाउनिंग स्ट्रीटवर आल्या त्या हिच्यातूनच. आणि जून १९७०मध्ये याच इंजिनावर रेंज रोव्हर आली. चिखलात लँड रोव्हरसारखी आणि महामार्गावर मोटारीसारखी चालणारी ही गाडी. आजच्या सगळ्या आलिशान एसयूव्हींचे मूळ तिच्यात आहे.

पैसा एकाने मिळवायचा, खर्च दुसऱ्यावर व्हायचा

पण तोपर्यंत रोव्हर स्वतःची राहिली नव्हती. १९६७मध्ये ट्रक बनवणाऱ्या लेलँडने तिला विकत घेतले. १९६८मध्ये सरकारच्या आग्रहाने लेलँड, ऑस्टिन, मॉरिस, जॅग्वार, ट्रायम्फ असे सगळे एकत्र येऊन ब्रिटिश लेलँड हा अवाढव्य समूह झाला. रोव्हरच्या पडझडीची तारीख मी इथे लावतो. लोक बहुधा संपांना दोष देतात, आणि १९७०च्या दशकातले संप खरेच विनाशक होते. तरी मूळ दुखणे वेगळे होते. लँड रोव्हर आणि रेंज रोव्हर नफा मिळवत आणि तो समूहातल्या आजारी भागांची भोके बुजवायला जाई.

पुरावा हवा तर हा घ्या. रेंज रोव्हरला मागणी इतकी होती की ग्राहक महिनोन्‌महिने थांबत. तिला चार दरवाजे असावेत हे उघड होते. कारखान्यातून चार दरवाजांची रेंज रोव्हर निघाली ती १९८१मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. रोव्हरची मोठी मोटार, पी ८, जवळपास तयार असताना १९७१मध्ये रद्द झाली. एकाच छपराखाली आलेल्या जॅग्वारशी तिची स्पर्धा झाली असती.

१९७५मध्ये ब्रिटिश लेलँड बुडू लागली आणि सरकारने ती ताब्यात घेतली. १९७६ची रोव्हर एसडी १ दिसायला देखणी होती, १९७७चा युरोपीय पुरस्कारही तिने मिळवला, पण बांधणीतल्या ढिलाईने तिचे नाव खराब झाले. भारतातल्या जुन्या वाचकांना ही गाडी आठवेल. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५मध्ये तीच ‘स्टँडर्ड २०००’ म्हणून आणली. एवढ्या जड बॉडीत जुन्या धाटणीचे इंजिन बसवले होते. ती काही वर्षांतच बंद पडली.

१९७९च्या अखेरीस होंडाशी करार झाला. होंडाच्या सहकार्याने आलेल्या गाड्यांनी रोव्हरचा दर्जा खरोखर सुधारला. १९८८मध्ये सरकारने कंपनी ब्रिटिश एरोस्पेस या विमान कंपनीला १५ कोटी पौंडांना विकली. होंडाने पुढे २० टक्के हिस्सा घेतला. मग १९९४मध्ये ब्रिटिश एरोस्पेसने आपला हिस्सा जर्मनीच्या बीएमडब्ल्यूला ८० कोटी पौंडांना दिला. पंधरा वर्षे हात धरून शिकवणारी होंडा बाजूला पडली.

वाटणी

बीएमडब्ल्यूने पैसा ओतला, पण दरवर्षी तोटा वाढत गेला. मार्च २०००मध्ये तिने हात वर केले. मग एखाद्या एकत्र कुटुंबाची वाटणी व्हावी तसे झाले. ब्रिटिश लेलँडमधून वारशाने आलेली मिनी बीएमडब्ल्यूने स्वतःकडे ठेवली. लँड रोव्हर फोर्डला विकली. उरलेली रोव्हर आणि एमजी, बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज कारखान्यासह, जॉन टॉवर्स यांच्या फिनिक्स गटाला दहा पौंडांत दिली. ‘रोव्हर’ हे नावसुद्धा बीएमडब्ल्यूकडेच राहिले. नव्या मालकांना ते केवळ वापरायला मिळाले.

नवी मोटार घडवायला पैसा नव्हता, म्हणून एमजी रोव्हरने तयार गाडी शोधली. ती मिळाली पुण्यात. टाटांच्या इंडिकाला नवे बंपर, नवी चिन्हे लावून आणि सस्पेन्शनमध्ये बदल करून २००३मध्ये ती ब्रिटनमध्ये ‘सिटीरोव्हर’ या नावाने विकायला ठेवली. गाडी पुण्यात तयार होऊन जहाजाने जाई. इंडिका भारतात यशस्वी झाली ती परवडणाऱ्या किमतीत ऐसपैस जागा दिल्यामुळे. रोव्हरने तिची सुरुवातीची किंमत जवळपास साडेसहा हजार पौंड ठेवली. त्या पैशात ब्रिटिश ग्राहकाला आतून अधिक सुबक गाड्या मिळत होत्या. सिटीरोव्हर खपली नाही. यात पुण्याच्या कारागिरांना दोष देणे अन्यायाचे आहे. चुकले ते किमतीचे गणित, आणि ते लाँगब्रिजमध्ये मांडलेले होते.

चीनच्या शांघाय ऑटोमोटिव्हशी चाललेली बोलणी फिसकटली आणि एप्रिल २००५मध्ये एमजी रोव्हर कोसळली. सुमारे सहा हजार माणसांची नोकरी गेली. कंपनी बुडत असताना तिच्या पाच वरिष्ठांनी पगार आणि निवृत्तिवेतनापोटी मिळून सुमारे ४ कोटी २० लाख पौंड घेतले होते, असे सरकारी चौकशीच्या २००९मधल्या अहवालातून पुढे आले. कामगारांच्या दृष्टीने या कथेतले हे सर्वांत संतापजनक पान आहे.

कारखान्याची यंत्रे चीनच्या नानजिंग कंपनीने घेतली. ‘रोव्हर’ नाव २००६मध्ये बीएमडब्ल्यूकडून फोर्डकडे गेले. २ जून २००८ रोजी टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरना विकत घेतल्या आणि त्यांच्याबरोबर ते नावही टाटांकडे आले. पाच वर्षांपूर्वी रोव्हरला गाडी पुरवणारी मुंबईची कंपनी आता तिच्या नावाची मालक झाली.

सॉलिहलचा कारखाना आजही सुरू आहे आणि तिथून रेंज रोव्हर बाहेर पडतात. म्हणजे ती जागा आणि ते कसब टिकण्यासारखे होते, हे सिद्धच आहे. मिनी, लँड रोव्हर आणि रोव्हर एका घरात होत्या. पहिल्या दोघींना सातत्याने पैसा घालणारा मालक मिळाला, त्या तगल्या. तिसरीला चाळीस वर्षांत तो एकदाही मिळाला नाही. मोटार घडवायला चार-पाच वर्षे लागतात आणि ती चुकली तर सुधारायला तेवढीच. एवढा धीर नसलेल्या हातात उत्तमातली उत्तम कंपनीही टिकत नाही.

पुढच्या आठवड्यात : ब्लॅकपूलमध्ये मोटारसायकलींचे साइडकार बनवणारे विल्यम लायन्स आणि त्यांची जॅग्वार.