तालमीची खोली

परळचं दामोदर नाट्यगृह नोव्हेंबर 2023मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगनं 1922 साली उभारलेली ही वास्तू. रंगकर्मींनी विरोध केला, नाटकांच्या प्रयोगांची चिंता व्यक्त झाली, आणि ती रास्तच होती. पण याच रंगमंचावर कोकणातली नमनं आणि गिरणी कामगारांची हौशी नाटकं होत. त्यांत बाप, मुलगा, कधी आजोबाही एकत्र उभे राहत. ही रीत मोडल्याची हळहळ मात्र फारशी कुणी केली नाही.

परळ-लालबागच्या या गिरणगावातल्या कलेचा आधीचा इतिहास अनेकदा सांगून झाला आहे. 1944चं लाल बावटा कलापथक, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर, मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. त्यावर पुस्तकं निघाली, व्याख्यानं झाली. कमी बोललं गेलं ते सत्तरच्या दशकातल्या तालमींबद्दल.

लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. एकेका खोलीत वीस-पंचवीस चाकरमानी. पहिली पाळी संपवून आलेला पथारी टाकायचा, दुसऱ्या पाळीचा उठून गेलेला असायचा. याच खोल्यांत पेटी, पखवाज आणि झांजा आढ्याला किंवा फळीवर असत. भजनाला बसायला वयाची अट नव्हती. शाळकरी पोराच्या हाती आधी झांज यायची. लय पक्की झाली की मागच्या रांगेत कोरस. आवाज फुटल्यावर बुवा त्याला एखादी गवळण म्हणायला पुढे बसवायचे. निवृत्त झालेला म्हातारा पखवाजावर कणीक लावून द्यायचा, चाल चुकली की भर बैठकीत थांबवायचा. त्याचं ऐकलं जायचं, कारण जुन्या चाली त्यालाच ठाऊक होत्या. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, समोरच्या बुवांनी कोडं टाकलं की उत्तरासाठी सगळे त्याच्याकडेच बघत.

या बैठकीत आरोग्याचाही एक मुद्दा आहे. मागावर आणि साच्यावर आयुष्य काढलेल्या माणसांच्या फुप्फुसात कापसाची धूळ आणि कानात खात्यातला गोंगाट मुरलेला असे. कुणी औषध म्हणून त्यांना भजनाला बसवलं नव्हतं. पण जागतिक आरोग्य संघटनेनं 2019मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा कला आणि आरोग्य यांच्या नात्याचे पुरावे मांडताना श्वसनाच्या जुनाट विकारांत गाण्याचा उपयोगही नोंदवला. अमेरिकेत जीन कोहेन यांनी वॉशिंग्टनमधल्या ऐंशीच्या आसपासच्या माणसांना वृंदगायनात बसवून पाहिलं होतं. वर्षभरानं, न गाणाऱ्यांच्या तुलनेत, त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या आणि पडण्याचे प्रसंग कमी दिसले. त्या गटात सगळेच वयस्क होते. गिरणगावच्या खोलीत याहून एक गोष्ट जास्त होती: म्हाताऱ्याची पोराला गरज होती. पोरालाही बापाखेरीज दुसरा एक वडीलधारा मिळायचा, परीक्षेचे गुण न विचारणारा.

बायका मात्र या बैठकीबाहेर होत्या. खाणावळीच्या चुली सांभाळून त्यांची भजनं वेगळी, दुपारची असत. तिथंही आजी, सून आणि नात एकाच सतरंजीवर बसत.

18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले अनेक परत आत गेलेच नाहीत. कुणी गावी गेलं, कुणी डोंबिवली, विरार, बदलापूरला. मंडळं तुटली ती हौस संपली म्हणून नव्हे, माणसं पांगली म्हणून. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि स्वस्त घरांसाठी ठेवायचा होता. 2001च्या बदलानं हा हिशेब केवळ आधीच रिकाम्या असलेल्या जागेपुरता उरला, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2006मध्ये तो बदल कायम ठेवला. कागदावरच्या या एका दुरुस्तीनं जितकी मोकळी जागा गेली, तितकी कोणत्याही टीव्हीनं किंवा मोबाइलनं घालवलेली नाही. तरुणांना जुन्याची आवड उरली नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी ती नियमावली वाचावी.

आता त्याच जमिनींवरच्या टॉवरांत ज्येष्ठांसाठी योगवर्ग असतो आणि मुलांसाठी नृत्यवर्ग. वेळा वेगळ्या, दारं वेगळी. आजोबांनी नातवाला वर्गापर्यंत सोडायचं आणि बाहेर बाकावर थांबायचं, एवढाच संबंध. कल्याण-कर्जतच्या गाड्यांत अजून काही भजनी मंडळं सकाळी टाळ वाजवतात. पंचविशीतला कारकून आणि निवृत्तीला टेकलेला फोरमन एकमेकांना खेटून गातात. सहप्रवासी आवाजाची तक्रार करतात, आणि ती दरवेळी चुकीची नसते. पण या गाणाऱ्यांना बसायला एक खोली द्यावी, असं कोणत्याही पुनर्विकासाच्या आराखड्यात कुणी सुचवत नाही. गाडीतली जागाही निवृत्तीच्या दिवसापर्यंतचीच. पास संपला की फोरमनचा टाळही थांबतो.